मिठाच्या डेपोमागची अकरा घरं

सही करायची नाही, हे आमच्या लोकांचं ब्रह्मज्ञान. रजिस्टर पोस्टानं काही आलं की पोस्टमनला दारातूनच वाटेला लावायचं. सही केली नाही म्हणजे नोटीस मिळाली नाही, आणि नोटीस मिळाली नाही म्हणजे ती गोष्ट जगात घडलीच नाही. भाडेकरूनं मालकाला, सोसायटीनं बिल्डरला, धाकट्या भावानं थोरल्याला असंच झुलवायचं, वर्षानुवर्षं. कोर्टात तारखा पडत राहतात, माणसं मरून जातात, आणि सही न करणारा मात्र मिशीला तूप लावून हिंडतो. हे शहाणपण आम्ही कुकर आणि भाजणीच्या पिठाबरोबर बॅगेत भरून अमेरिकेत आणलं. शिकागोच्या विमानतळावर माझं लिंबाचं लोणचं काढून घेतलं मेल्यांनी, पण हे कोणी काढून घेतलं नाही.

मी सांगतेय ती गोष्ट २००५ सालच्या हिवाळ्यातली. आम्ही शिकागोबाहेर, नेपरव्हिलच्याही पुढे, नदीकाठच्या एका छोट्या गावात घर घेतलं होतं. नवी कॉलनी, सगळी घरं एका साच्यातली, सगळ्यांचे गॅरेजचे दरवाजे पांढरे. आमच्या रांगेतल्या अकरा घरांच्या मागच्या कुंपणापलीकडे गावाचा जुना मिठाचा डेपो होता. बर्फ पडला की रस्त्यावर टाकायचं ते मीठ. डेपो दुसरीकडे हलवून बरीच वर्षं झाली होती, पण गंजकी शेड आणि पाच एकर ओसाड जमीन तशीच पडून होती. त्या अकरा घरांपैकी सात मराठी. एकानं घर घेतलं की दुसऱ्याला झोप येत नाही, तिसऱ्याची बायको चौथीला डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात भाजी घेताना सांगते, असं करत करत सात झाली. दर शनिवारी पॉटलक. जेवायला बोलवायचं आणि जेवण पाहुण्यांनीच आणायचं, ही अमेरिकन रीत आम्हांला फारच मानवली.

नवरा सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायचा. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नावाला लोंबकळलेली. नोकरी करायची परवानगी नाही. पुण्यात सहा वर्षं प्रोग्रामिंग केलेली बाई मी, इथे दुपारी टीव्हीवर लोकांच्या घराची सजावट बघत बसायचे. वेड लागायची पाळी आली तेव्हा गावाच्या प्लॅनिंग ऑफिसात फुकट काम करायला जाऊ लागले. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी तीन तास. फुकट काम करायला परवानगी लागत नाही, तिथे हे सरकार फार उदार आहे.

ऑफिसात काउंटरवर एक कारकूनबाई होती. पन्नाशीची, जाड चष्मा, करड्या केसांची एक वेणी, हसली की खांदे हलायचे. ती मूळची इथल्या जुन्या लोकांपैकी, ज्यांची ही सगळी जमीन होती. तिची जमात इथून पाच तासांवर, उत्तरेला. आमच्या कॉलनीत कळलं तेव्हा "म्हणजे तीही इंडियन, आपणही इंडियन" हा शिळा विनोद प्रत्येकानं वेगवेगळा केला, आणि प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच सुचला.

तिच्याकडूनच मला मिठाच्या डेपोचा बेत कळला, कारण त्याचे कागद टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. बेत साधा होता. गावानं ती पाच एकर जमीन जमातीला द्यायची. जमातीनं ती केंद्र सरकारच्या ताब्यात आपल्या नावे ठेवायची, म्हणजे गावाच्या मधोमध त्यांच्या मुलखाचा एक छोटासा तुकडा तयार होणार. तिथे कायदा त्यांचा, पण पाणी, आगीचा बंब, पोलीस गावाचे, आणि त्याचे पैसे जमात गावाला देणार. इमारत एकच, बैठी. म्हाताऱ्या माणसांसाठी बारा खोल्या, एक मोठं स्वयंपाकघर, एक दवाखान्याची खोली, एक हॉल. बस. एवढंच होतं.

आणि त्या बारा खोल्यांतली एक तिच्या आईसाठी होती. आई ऐंशीच्या पुढची. एका गुरुवारी ती व्हीलचेअरवर बसून ऑफिसात आली होती, डॉक्टरकडे जाता जाता. मी डब्यातली चकली पुढे केली. तिनं एक घेतली, कडाकडा चावली आणि आणखी दोन मागितल्या. दात स्वतःचे होते. मग मला म्हणाली, "तुला इथे कोणी आणलं?"

म्हटलं, "नवऱ्यानं."

"मला सरकारनं," ती म्हणाली.

पन्नास वर्षांपूर्वी सरकारनं त्यांच्या लोकांना जमिनीवरून उठवून शहरात पाठवायची टूम काढली होती. एका बाजूचं तिकीट हातात दिलं, शहरात नोकरी देतो म्हणाले, आणि एक गजराचं घड्याळ दिलं. का, तर तुम्ही लोक वेळेवर उठत नाही. "मी तोवर रोज उजाडायच्या आधी उठत होते," म्हातारी म्हणाली, आणि लेकीसारखीच खांदे हलवून हसली. आता ती हायवेजवळच्या एका नर्सिंग होममध्ये होती. खोलीत दुसरी बाई, तिचा टीव्ही दिवसभर चालू. तिच्या भाषेत बोलणारं तिथे कोणी नाही. उत्तरेतल्या तिच्या गावच्या तळ्याकाठच्या आणखी तीन म्हाताऱ्या याच भागात विखुरल्या होत्या, एकमेकींना वर्षातून एकदा भेटायच्या, तेही कोणाच्या तरी अंत्यविधीला. तिला मरायच्या आधी त्यांच्या शेजारी राहायचं होतं. आपल्या माणसांच्या जमिनीवर. "पाच एकर पुष्कळ झाली," ती मला म्हणाली, "मला चार पावलंच चालता येतं."

मला त्या बाईचा फार लोभ वाटला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते न ओळखता केलं असं कोणाला वाटायला नको.

गावाच्या कारभाऱ्यांबद्दल काय बोलावं! मेयरनं भाषण केलं त्यात 'पार्टनरशिप' हा शब्द इतक्या वेळा आला की माझं डोकं उठलं. केक कापला. फोटो काढले. जमातीच्या अध्यक्षाला मध्ये उभं केलं आणि सगळ्यांनी असे चेहरे केले, जणू स्वतःच्या परसातली जमीन काढून देताहेत. ज्या मिठानं खारावलेल्या जमिनीवर गवत धड उगवत नव्हतं, जी विकायला काढून कोणी फिरकत नव्हतं, ती ज्यांची होती त्यांनाच परत द्यायची, आणि वर उपकार. पण केक संपला आणि कौन्सिलच्या लोकांची पोटं दुखायला लागली. नाही म्हणायची हिंमत नाही, हो म्हणायची दानत नाही. मग अशा वेळी जगभरातले भित्रे लोक करतात तेच त्यांनी केलं. अटी घातल्या.

जुगार चालणार नाही, कारण जमातींच्या जमिनीवर कॅसिनो निघतात. कुंपण अमुक उंचीचं. धूप जाळायचा तर बंबवाल्यांना आधी कळवायचं. आणि शेवटची अट अशी, की जमिनीला लागून असलेल्या अकरा घरमालकांना सुनावणीची नोटीस रजिस्टर पोस्टानं जायला हवी, आणि अकरातल्या किमान सहा जणांच्या सहीच्या पावत्या परत आल्याशिवाय सुनावणी होणार नाही. संमती नको, नुसती पोच. विरोध करायचा असेल तर सुनावणीला येऊन खुशाल करा. वर्ष संपायच्या आत सुनावणी झाली नाही तर करार रद्द. कारकूनबाईला ही अट अगदी सोपी वाटली. पोस्टमन दारात येतो, माणूस सही करतो, त्यात काय? बिचारीला आमच्या लोकांची काही कल्पनाच नव्हती.

पाकिटं आम्ही दोघींनीच भरली. मी पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवत होते आणि माझाच पत्ता हातात आला. दोघी हसलो. ती म्हणाली, "हातातच दिलं असतं, पण पोस्टानंच जायला हवं. तू घरी असशील ना?"

"मी कुठे जातेय? असेन की," मी म्हटलं.

त्याच शनिवारी पॉटलक अध्यक्षकाकांकडे होतं. हे काका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. पुण्याचे, इंजिनियर, या देशात पंचवीस वर्षं झालेली, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर यांचं मत तयार. बेसमेंटमध्ये गालिच्यावर बैठक बसली. पावभाजी होती, कोणीतरी श्रीखंड आणलं होतं. काकांनी प्लेट बाजूला ठेवली आणि मिठाच्या डेपोचा विषय काढला.

"आज म्हातारे येतील, उद्या त्यांची पोरं येतील, परवा कॅसिनो येईल," काका म्हणाले. "शाळेचं रेटिंग पडणार. रीसेल व्हॅल्यू संपली."

"आणि हे लोक पितात खूप यार," एक जण म्हणाला. त्याच्या हातात तिसरा पेग होता.

"इथेही आरक्षणच का?" दुसरा म्हणाला. "आपण मेरिटवर आलो ना?" हा माणूस इथे मेव्हण्याच्या कंपनीत चिकटला होता.

मी म्हटलं, "काका, कॅसिनो नाहीये त्यात. करारातच लिहिलंय, जुगार चालणार नाही म्हणून. म्हाताऱ्यांसाठी बारा खोल्या आहेत फक्त."

"तुला कोणी सांगितलं?"

"मीच टाइप केलंय ते."

सगळे हसले. काकू म्हणाल्या, "अगं, टाइप करणाऱ्याला काय कळतंय त्यातलं!" आणि माझ्या प्लेटमध्ये आणखी एक पाव टाकला. पुण्यात माझ्या हाताखाली चार पोरं काम करत होती, पण ते सांगायला तोंड उघडलं नाही माझं. नवऱ्यानं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

मग काकांनी ब्रह्मज्ञान दिलं. "हिअरिंगला जाऊन भांडायची काही गरज नाही. उगाच पेपरात नाव येतं. नोटीस रजिस्टर पोस्टानं येणार आहे. सही करायची नाही. सात घरांनी सही केली नाही की सहा पावत्या होतच नाहीत. कॅन्सल! पुण्यात आमच्या सोसायटीनं बिल्डरला याच पद्धतीनं नऊ वर्षं लटकवलाय."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! जणू काही किल्ला सर केला. काकांची मुलगी कॉलेजातून घरी आलेली होती, जिन्यावर उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स सो मीन." काका म्हणाले, "तुला नाही कळायचं, तू इथे जन्मलीस." ती खांदे उडवून वर निघून गेली. त्या बेसमेंटमध्ये माणसासारखं बोललेली ती एकटीच.

घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, आपण सही करू या. तो म्हणाला, "आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. गव्हर्नमेंटच्या कुठल्याच लफड्यात इन्व्हॉल्व्ह व्हायचं नाही." सुनावणीच्या नोटिशीची पोच देण्यात लफडं कसलं, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे असे विषय भांडण न होताच संपतात.

बुधवारी पोस्टमन फिरला. चार घरं गोऱ्या लोकांची होती, त्यांनी चौघांनी सह्या केल्या, दोन मिनिटांत. मराठी घरांत एक गंमत झाली. कोपऱ्यावरच्या घरात एकाच्या सासूबाई अकोल्याहून आल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. घरात त्या आणि झोपलेली बाळंतीण. पोस्टमननं पेन पुढे केलं, मावशींनी मोठ्या हौसेनं देवनागरीत, वळणदार अक्षरात, नवऱ्याच्या नावासकट सही ठोकली. वर त्याला थंडीत उभा बघून आत बोलावलं आणि डिंकाचा लाडू दिला. संध्याकाळी जावयानं त्यांना जे काही ऐकवलं ते तीन घरांपर्यंत ऐकू गेलं. मावशी दुसऱ्या दिवशी मला कुंपणाजवळ भेटल्या तर डोळे पुसत होत्या. "पोस्टमन दारात आला, कागद दिला, तर घ्यायचा नाही असं कधी असतंय का बाई?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तसं नसतं हो मावशी." एवढं म्हणून मी आत आले.

म्हणजे पाच झाल्या. माझी सहावी. पण बुधवारी ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून मला सुटता येणार नाही, कारण पुढे ठाऊक झालंच.

आमच्या दारात पोस्टमन आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. हात पिठाचे. बाहेर बर्फ भुरभुरत होता. शेजारच्या ड्राइव्हवेमध्ये काकू गाडीवरचा बर्फ झाडत होत्या, आणि झाडता झाडता थांबल्या. पोस्टमननं पाकीट पुढे धरलं. वर मीच चिकटवलेली चिठ्ठी, एका बाजूला जरा तिरकी गेलेली.

मी म्हटलं, "नो. रिफ्यूज."

"आर यू शुअर, मॅम? गावाच्या ऑफिसचंच आहे हे."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी. मी पोस्टमनला म्हटलं, "येस, शुअर." त्यानं पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि तो गेला. माझी तव्यावरची भाकरी करपली होती.

ग्रीन कार्डची भीती होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. नवऱ्याच्या शब्दाबाहेर कसं जायचं, असंही सांगून बघितलं. सगळं खोटं. नवऱ्याच्या शब्दाबाहेर मी दिवसातून चारदा जायचे. मला एवढीच भीती होती की शनिवारच्या पॉटलकमधून मला कोणी वगळेल. ज्या लोकांचं बोलणं ऐकून मला मळमळायचं, ज्यांच्या श्रीखंडात कायम साखर जास्त असायची, त्यांनी मला आपलं म्हणावं म्हणून मी ते केलं. काकांचा मी तिरस्कार करते, पण काका निदान स्वतःच्या मूर्खपणावर विश्वास ठेवून होते. मला तेवढीही सबब नव्हती.

अजूनही मार्ग होता. परत आलेलं पाकीट घरमालकानं दहा दिवसांत ऑफिसात येऊन सही करून घेतलं तरी चालणार होतं. ही सोय कारकूनबाईनंच मागून घेतली होती. पुढच्या मंगळवारी मी ऑफिसात गेले. न जाऊन कसं चालेल? गेले नाही तर तिला कळेल, असं मला वाटलं, बघा अक्कल! काउंटरवर तारेचा ट्रे होता आणि त्यात परत आलेली सहा पाकिटं. माझं सर्वांत वर. शेजारी पेन.

ती म्हणाली, "पाच आल्या."

मी म्हटलं, "हो का?"

"एकच हवी आहे."

मी म्हटलं, "येईल की. बर्फ फार पडलाय ना, लोक बाहेर पडत नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, कॉफी घेशील का. मी हो म्हटलं. तिनं कॉफी आणली, त्यात मला आवडते तेवढी साखर घातलेली होती. मी ती प्यायले आणि तीन तास दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्याच्या रुंदीकरणाचे आकडे भरत बसले. गुरुवारीही गेले. पाकीट तिथेच, पेन तिथेच. तिनं काही विचारलं नाही. नुसतं "सही कर" म्हणाली असती तर मी केली असती, असं मला अजून वाटतं. आणि ती का म्हणाली नाही याचा मला त्या वेळी रागसुद्धा आला. म्हणजे सही मी करायची नाही आणि बोलायचं मात्र तिनं! भिकार मन माझं, दुसरं काय.

दहा दिवस संपले. सुनावणी रद्द. ३१ डिसेंबर उलटला आणि करारही रद्द. मेयरनं जमातीला पत्र पाठवलं, की आम्हांला अतिशय खेद वाटतो. ते पत्र टाइप करायचं माझ्या वाट्याला आलं नाही, कारण जानेवारीपासून मी ऑफिसात जाणं सोडलं. थंडी फार आहे, असं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हो, आहे खरी."

काकांनी पेढे वाटले. खरंच वाटले, डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणून, घरोघरी. मी दोन खाल्ले. पुढे ती जमीन एका बिल्डरनं घेतली, टाउनहोम्सचे रंगीत फलक लावले, पाया खणला, आणि २००८ साली बाजार कोसळला तेव्हा खड्डा तसाच टाकून तो परागंदा झाला. खड्ड्यात पाणी साचून डास झाले. ज्या रीसेल व्हॅल्यूसाठी आम्ही एवढी हुशारी केली तिचं इतकं मातेरं झालं की काकांना घर विकता येईना आणि ठेवता येईना. रोज संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून ते गावाच्या कारभाराला शिव्या घालायचे. प्लॅनिंगच नाही म्हणे या लोकांकडे! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण मधल्या काळात एक गोष्ट होऊन गेली होती.

करार मोडल्यानंतरच्या मार्चमध्ये म्हातारी गेली. मी गावाच्या पेपरात वाचलं. नर्सिंग होममध्ये, झोपेत. तिला उत्तरेला नेलं, पाच तास, तिच्या तळ्याकाठी. मला दोन दिवस काही सुचेना. मग आपल्याकडची रीत म्हणून पिठलं-भात केला, डब्यात भरला आणि कारकूनबाईच्या घरी गेले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे नेऊन देतात. शेजारीण म्हणवून घ्यायची लायकी माझी नव्हती, पण हात आपोआप चालतात.

तिनं दार उघडलं. वेणी कापलेली होती, केस मानेपाशी आखूड. त्यांच्यात आई गेली की कापतात, हे मला नंतर कळलं. मी डबा पुढे केला आणि इंग्रजीत जे म्हणतात ते म्हटलं, सो सॉरी वगैरे. तिनं डबा घेतला. "थांब," म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापडाची एक लहान पिशवी होती, तोंड दोरीनं बांधलेलं.

"आमच्या तळ्यात उगवतो तो तांदूळ आहे," ती म्हणाली. "आईकडे एवढाच उरला होता. तुला द्यायला सांगितलाय तिनं."

"मला?" मी म्हटलं.

"डिसेंबरपासून रोज विचारत होती, सहावी सही आली का. एक दिवस मी हो म्हटलं. मग विचारायला लागली, कोणाची." ती चष्मा काढून पुसत होती. "मी तुझं नाव सांगितलं. दुसरं कोणाचं सांगणार? तिला तूच माहीत होतीस."

मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल. शिवी देईल, दार आपटेल. मी वाट बघत होते. तिनं चष्मा डोळ्यावर चढवला आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

मी हात पुढे केला आणि घेतली.